शटरच्या आत झोपलेला माणूस
(कामगार ठेवणाऱ्या लहान दुकानदार व कारखानदारांसाठी)

रात्री अकरानंतर धायरी फाट्यावरून नऱ्ह्याच्या बाजूला चक्कर मारली, तर लहान गाळ्यांच्या रांगा बंद दिसतात. शटर खाली, दोन्ही बाजूंना कुलपे. पण जवळ जाऊन कान दिला, तर एखाद्या गाळ्यातून पंख्याचा आवाज येतो. फटीतून मोबाईलचा उजेड दिसतो. आत माणूस झोपलेला असतो आणि किल्ली मालकाच्या घरी खुंटीला असते. आम्ही हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. २०१९ सालापर्यंत आमच्या कापडाच्या गाळ्यालाही असेच कुलूप होते आणि त्यात आम्हाला काही वावगे वाटत नव्हते.

९ मे २०१९ ही तारीख पुण्याच्या कापड व्यापाऱ्यांच्या लक्षात असावी. रमजानचा तिसरा रोजा होता. त्या पहाटे उरुळी देवाची येथील एका साडीच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले ५ कामगार दगावले. दाराला बाहेरून कुलूप होते. लग्नाचे बस्ते बांधायला लोक जेथे दुरून येतात आणि आमच्यासारखे किरकोळ व्यापारी जेथून माल उचलतात, तोच हा भाग. योगायोग असा की, धायरीचा उरलेला भाग आणि उरुळी देवाची ही दोन्ही २०१७ साली एकाच वेळी पुणे महापालिकेत आली होती. गावचे गाव शहर झाले, पण आमची कुलपे लावण्याची रीत गावातलीच राहिली.

त्याच्याही आधी ३० डिसेंबर २०१६ रोजी, शुक्रवारच्या पहाटे, कोंढव्यात एका बेकरीला आग लागून ६ कामगारांचा मृत्यू झाला होता. तेथेही बाहेरून कुलूप होते. कोंढवा म्हणजे आपलीच वस्ती. त्या जुम्याला मशिदींमधून मगफिरतीची दुआ झाली, लोक हळहळले आणि घरी जाऊन पुन्हा आपापल्या दुकानांना कुलपे घातली. आम्हीही त्यातच होतो. पुढे ३१ डिसेंबर २०२३ रोजी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात रात्री आग लागली. तेथेही आत झोपलेले ६ कामगार गेले.

आता कुलूप का लावले जाते ते प्रामाणिकपणे पाहू. पहिले कारण माल. दहा-पंधरा लाखांचे कापड आत आहे आणि कारागीर परमुलखातला आहे, त्याची नीट ओळख नाही. दुसरे कारण उचल. घरी लग्न आहे, आई आजारी आहे म्हणून त्याने वीस-तीस हजार आगाऊ घेतलेले असतात आणि तो गावाकडे निघून गेला तर पैसे बुडतील ही धास्ती असते. तिसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही. रखवालदार ठेवला तर पगार द्यावा लागतो, तर झोपायला जागा दिली की तोच मुलगा फुकटात राखण करतो. आपण मात्र म्हणतो, गरिबाला आसरा दिला.

या तिन्ही कारणांना कायदा काय म्हणतो हे ठाऊक नसल्यामुळे आपले अनेक भाऊ मोठ्या धोक्यात बसलेले आहेत, आणि त्याचे मूळ एका गैरसमजात आहे. ‘माझ्याकडे चारच माणसे, कामगार कायदे मोठ्यांना’, असे आपण धरून चालतो. हा समज अगदीच हवेतला नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ मध्ये नोंदणीसाठी १० कामगारांची मर्यादा होती. त्याहून कमी माणसे असणाऱ्याला फक्त सूचना भरावी लागे. २०२५ मध्ये राज्य सरकारने ती मर्यादा २० वर नेली. ही बातमी आली तेव्हा बाजारात काहींनी ‘सुटलो’ म्हणून सुस्कारा टाकला. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, सुटका नोंदणीच्या कागदापुरती आहे, माणसाच्या जिवापुरती नाही. जे कायदे खरोखर मालकाचे घरदार विकायला लावू शकतात, ते एका कामगारापासून लागू होतात.

त्यातला पहिला नुकसानभरपाईचा. मूळ कायदा १९२३ चा, म्हणजे शंभर वर्षांहून जुना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि या भरपाईची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. हिशेबाची रीत जुनीच राहिली. विजेवर यंत्र चालवून जेथे माल बनवला, सजवला, धुतला किंवा बांधला जातो, अशा जागेत काम करताना कामगाराचा मृत्यू झाला तर मालकाने वारसांना भरपाई द्यायची. मालकाची चूक होती की नाही, हा प्रश्न येथे येतच नाही. शिलाई, जरीकाम, भरतकाम, बेकरी, कपड्यांना प्रेस करून पॅकिंग, हे सारे यात येते. निव्वळ विक्रीच्या दुकानदाराने आपली गोष्ट वकिलाकडून तपासून घ्यावी. पण मागच्या खोलीत फॉल-पिको आणि घडी-पॅकिंगची यंत्रे चालत असतील, तर ‘मी तर फक्त विकणारा’ असे म्हणून सुटता येईल या भ्रमात राहू नये.

रक्कम किती? मृत्यूच्या प्रसंगी मासिक वेतनाचे निम्मे घ्यायचे आणि कामगाराच्या वयानुसार तक्त्यात दिलेल्या आकड्याने गुणायचे. हिशेबासाठी धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा २०२० मध्ये ८,००० वरून १५,००० रुपये झाली. समजा कारागीर २५ वर्षांचा आहे आणि पगार १५,०००. निम्मे झाले ७,५००. तक्त्यात २५ वर्षांसमोर २१६.९१ हा आकडा आहे. गुणाकार येतो १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. कारागीर ४० वर्षांचा असेल तर आकडा १८४.१७ आणि रक्कम १३ लाख ८१ हजार २७५. ही एका माणसाची. गाळ्यात तिघे झोपत असतील तर गुणाकार स्वतः करून पाहावा. देणे झाल्यापासून महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. व्याजाच्या नावानेच आपल्या माणसाच्या अंगावर काटा येतो, पण हे व्याज न्यायालयाने लावलेले असते. ते टाळायचा मार्ग एकच, मुदतीत हक्कदाराचा हक्क देणे.

‘रात्री कामाची वेळ नव्हती, तो आपला झोपला होता’, हा बचाव बरेच जण मनात धरून असतात. राखणीसाठी तुम्हीच त्याला तेथे झोपवत असाल तर हा बचाव टिकणे फार अवघड आहे. ‘माणूस माझा नाही, ठेकेदाराचा आहे’ हाही दुसरा बचाव तसाच. कामगाराचे वारस मूळ मालकाकडे मागणी करू शकतात. मालकाने आधी द्यावे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसावे.

१० किंवा अधिक माणसे असतील तर कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. मासिक वेतन २१,००० पर्यंत असणारे त्यात येतात. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. १५,००० पगारावर मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे, कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे, मिळून ६००. एवढ्यात कामगाराला आणि घरच्यांना दवाखाना मिळतो. कामावर मृत्यू झाला तर आश्रितांना वेतनाच्या ९० टक्के हिशेबाने दरमहा रक्कम मिळते आणि मालकावरची ती सोळा लाखांची जबाबदारी महामंडळ उचलते. आता येथे हिशेबनीस मंडळी सल्ला देतात की कागदावर ९ माणसे दाखवा, बाकीची भावाच्या नावाने काढलेल्या दुसऱ्या फर्ममध्ये टाका. महिन्याचे काही हजार वाचतात खरे. पण दुर्घटनेनंतर पोलीस पंचनामा करतात तेव्हा ते फर्मचे बोर्ड मोजत नाहीत, आत काम करणारी माणसे मोजतात. ज्याचे नाव कोठेच नव्हते त्याचा दवाखाना, त्याची भरपाई, सारे मालकाच्या अंगावर येते.

१० पेक्षा कमी माणसे असणाऱ्यांना सामान्य विमा कंपन्यांकडून कामगार भरपाईची पॉलिसी घेता येते. विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यावर फतवा देण्याची आमची लायकी नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या मुफ्ती साहेबांना जरूर विचारावे. मात्र विचारताना प्रश्न पूर्ण विचारावा. ‘विमा घेऊ का’ एवढेच न विचारता ‘विमा घेतला नाही आणि माझा कारागीर गेला, तर त्याच्या यतीम मुलांचे सोळा लाख मी कोठून आणावे’, हेही विचारावे. हा हुकूकुल-इबादचा मामला आहे. ज्याचा हक्क त्यानेच माफ करायचा असतो, आणि येथे तर माफ करणारा मातीखाली गेलेला असतो.

आता उचलीकडे येऊ. आगाऊ पैसे देणे गुन्हा नाही. पगारातून कापून घेणेही चालते, पण सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. गुन्हा तेथे सुरू होतो जेथे ‘पैसे फिटेपर्यंत जाता येणार नाही’ असे होते. बंधबिगार निर्मूलन कायदा, १९७६ प्रमाणे अशा मजुरीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. वीटभट्टी आणि शेतावरचा सालगडी एवढेच या कायद्याचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. पण अंगावर उचल आहे, आधारकार्ड मालकाच्या गल्ल्यात आहे आणि रात्री बाहेरून कुलूप आहे, असा जरीचा कारागीर आणि वीटभट्टीचा मजूर यांत तपास अधिकाऱ्याला फरक दिसेल का? कार्ड ज्याचे त्याच्याकडे ठेवावे, आपण फक्त झेरॉक्स ठेवावी.

आणि माणूस गेलाच तर फौजदारी बाजू वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हलगर्जीने मृत्यूला कारण होण्याबद्दल ५ वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडविधानात ती २ वर्षांपर्यंत होती. आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावले होते, याला हलगर्जी म्हणायचे की त्याहून गंभीर काही, हे पोलीस आणि न्यायालय ठरवते, मालक नव्हे.

कागदाबद्दल थोडे. १० किंवा अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनेला नव्या संहितेनुसार नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तरी द्यावे, असे आमचे मत आहे. नाव, वय, काम, पगार, कामाचे तास, सुट्टी, घेतलेली उचल आणि घरच्या माणसाचा फोन नंबर, एवढे एका पानावर मावते. आपण व्यापारी माणसे, उधारीचा हिशेब लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे हे सांगावे लागू नये. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याच्या लिखापढीवर आहे. आपण ती धाग्याच्या व्यापाऱ्याशी पाळतो आणि धागा ओवणाऱ्याशी विसरतो. पत्र कामगाराला वाचता येईल अशा भाषेत असावे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. व्यापारात पडल्यावर पहिली काही वर्षे मराठी-इंग्रजी कागदांवर न समजता सह्या केल्या, आणि त्याचा संकोच अजून आठवतो. बिहारच्या मुलाला हिंदीत लिहून द्या, उर्दू येत असेल तर उर्दूत द्या, आणि सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा.

मजुरी वेळेवर देण्याची हदीस आपल्या प्रत्येकाला पाठ आहे, म्हणून तिच्यावर लिहीत नाही. कायदा म्हणतो मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि माणूस काम सोडून गेला किंवा काढला तर दोन कामकाजी दिवसांत सारा हिशेब. किमान वेतन एका कामगारालाही लागू आहे. त्याच्यावरचा विशेष भत्ता महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. तेव्हा त्या दोन महिन्यांत कामगार आयुक्त कार्यालयातून नवा दर विचारून घ्यावा. ‘राहणे-खाणे आमचे’ म्हणून पगार अर्धा दाखवण्याची रीत चालणार नाही. वस्तुरूपाने दिलेल्या मोबदल्याची किंमत एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच मोजली जाते. पगार बँकेतून दिला तर पुरावा आपोआप राहतो. रोख देत असाल तर पावतीवर सही घ्यावी.

हे सारे करूनही माणूस रात्री आत झोपणारच असेल, तर काय? उत्तम म्हणजे झोपवूच नये. चार गाळेवाल्यांनी मिळून जवळ एक खोली भाड्याने घ्यावी आणि एक रखवालदार ठेवावा. धायरीत हे जमण्यासारखे आहे, खर्च वाटला जातो. जमतच नसेल तर पुढील गोष्टींशिवाय एक रात्रही काढू नये.

कुलूप आतून, किल्ली झोपणाऱ्याकडे. शटर तापले की अडकते आणि आतून उचलत नाही, म्हणून शटरलाच बाहेर उघडणारा माणूसभर उंचीचा लहान दरवाजा, ज्याला आपण दिंडी म्हणतो, बसवून घ्यावा. त्याला आतून साधी कडी असावी. मागच्या बाजूला भिंत असेल तर खिडकी, आणि खिडकीला गज असतील तर ते आतून उघडणाऱ्या चौकटीचे. पोटमाळ्यावर कोणालाही झोपवू नये. आगीत धूर आधी वर जातो, आणि पॉलिस्टरच्या धुरात माणूस ज्वाला पोहोचण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. झोपण्याच्या जागेपासून दारापर्यंतची वाट रिकामी हवी. सणासुदीत गठ्ठे नेमके तेथेच रचले जातात. रात्री प्रेस, मशिनी आणि शोकेसच्या दिव्यांचे मुख्य बटण बंद करावे, फक्त पंखा आणि एका दिव्याची वेगळी लाईन ठेवावी. ई-बाईकची बॅटरी आत चार्जिंगला लावू नये. मच्छर अगरबत्ती कपड्यापासून दूर नव्हे, आतच नको. झोपताना दिवे आणि आग विझवण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेली आहे. ज्या काळी घरात फक्त एक वातीचा दिवा असे, तेव्हाची ती ताकीद. आगीचा सिलिंडर दाराजवळ टांगावा आणि कारागिराच्या हाताने एकदा वापरून दाखवावा. शोभेला टांगलेले सिलिंडर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आत किती माणसे झोपतात त्यांची नावे शेजारच्या गाळेवाल्याकडे असावीत, म्हणजे अग्निशमनवाल्यांना आत किती जण आहेत हे सांगणारा कोणीतरी असेल.

कोणाला वाटेल हा सारा उपद्व्याप कामगारासाठी. १८ मे २०२५ रोजी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागली. त्यात ८ जण गेले, आणि त्यात स्वतः मालक, त्यांच्या घरची माणसे आणि कामगाराचे कुटुंब असे सारे होते. मालकाचे घर कारखान्यातच होते. ३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली शिलाईचे दुकान आणि वर राहते घर असलेल्या इमारतीत एका कुटुंबातले ७ जण धुराने गेले. तोही रमजानच होता. खाली दुकान आणि वर घर ही आपल्या निम्म्या कारागिरांची राहण्याची रीत आहे. धूर मालक-कामगार ओळखत नाही.

रमजानचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. शब-ए-बरातपासून चाँदरातीपर्यंत शिलाई आणि रेडिमेडवाले रात्रभर मशिनी चालवतात, गावाकडून जादा मुले आणतात, आणि हीच मुले थकून गठ्ठ्यांवर झोपतात. जादा तासाला दुप्पट दर आहे. ‘ईदी देतो ना’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, ईदी वेगळी आणि ओव्हरटाइम वेगळा. आणलेल्या मुलांत १४ वर्षांखालचा एकही नको. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला २० ते ५० हजार दंड किंवा ६ महिने ते २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. ‘उस्तादाकडे शिकायला ठेवलाय’ म्हणून भागत नाही. हंगामी मुलाचेही नाव हजेरीपटावर पहिल्याच दिवशी लिहावे. कायदा त्याला हंगामी म्हणून कमी मोजत नाही.

२०१९ च्या त्या पहाटेनंतर आम्ही आमच्या गाळ्याचे शटर कापून दिंडी बसवली. लोहाराने अर्ध्या दिवसात काम केले. आमच्या मनातली खरी भीती होती ती मालाची. पहिल्या महिन्यात आम्ही रोज सकाळी थान मोजत होतो. आमचा जुना कारागीर हे पाहत होता आणि गप्प होता. महिन्याने आम्ही मोजणे सोडले तेव्हा त्याने विचारले, ‘शेठ, इतकी वर्षे तुम्ही किल्ली घरी नेत होता, ती चोरीच्या भीतीने ना? आम्हाला वाटायचे, तुम्ही विसरता.’ आता किल्ल्या तीन आहेत. एक आमच्याकडे, एक शेजारी, आणि एक आत, दिंडीच्या उजव्या हाताला खिळ्यावर.